पार्म : आज्ञापत्राची चिठ्ठी आणि कोबोलचा प्रोग्राम

जामसांवलीहून सौंसरला किराण्याची चिठ्ठी पाठवायची झाली की आमचे आजोबा आधी वर लिहितात, "एकूण जिन्नस ७". मग खाली यादी. चिठ्ठीचा तुकडा पडला तरी दुकानदार फसत नाही. आयबीएमच्या झेड एक्सप्लोर या विनामूल्य अभ्यासक्रमात मेनफ्रेमवरील कोबोल शिकू लागलो, तेव्हा ही चिठ्ठी मला फार उपयोगी पडली.

बँकेतील व्याज-आकारणी घ्या. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज मोजतात. असली कामे रात्री चालतात. ३१ मार्चचे काम मध्यरात्रीनंतर सुरू झाले आणि प्रोग्रामने तारीख यंत्राच्या घड्याळातून घेतली, तर नोंद नव्या आर्थिक वर्षात पडायची! तारीख प्रोग्राममध्येच लिहून ठेवावी, तर दर वेळी तो नव्याने कंपाइल करणे आले. म्हणून ती बाहेरून द्यावयाची. जेसीएल या आज्ञापत्रात लिहितात (यंत्रावर अर्थात रोमन लिपीत) :

//स्टेप१ एक्झेक पीजीएम=व्याज,पार्म='२०२५०३३१'

प्रोग्रामच्या हाती दोन गोष्टी येतात : आधी २ बाइटांत लांबी, येथे ८, मग मजकूर. कोबोलमध्ये त्या लिंकेज सेक्शनमध्ये मांडाव्यात. लांबीसाठी एस९(४) कॉम्प, मजकुरासाठी एक्स(१००), आणि 'प्रोसीजर डिव्हिजन यूजिंग' यापुढे त्या गटाचे नाव. वर्किंग-स्टोरेज ही प्रोग्रामची स्वतःची जागा; चिठ्ठी दुसऱ्याची असते.

माझे घोडे येथेच अडले. लांबी न पाहता मी सरळ १०० अक्षरे उचलली. पण उरलेली जागा कोणी कोऱ्या अक्षरांनी भरून देत नाही. आठाच्या पुढे जे असेल ते आपले नव्हेच. उत्तर एकदा बरोबर आले, एकदा चुकले, आणि मी दोन संध्याकाळी व्याजाचे सूत्रच तपासत बसलो! तेव्हा प्रथम लांबी ८ आहे का ते पाहावे, नंतर सगळे अंकच आहेत का ते पाहावे.

पार्ममध्ये १०० अक्षरांपलीकडे मावत नाही. त्याहून मोठ्या मजकुरासाठी २०१३ साली झेड/ओएस २.१ मध्ये पार्मडीडी आले. त्यात ३२,७६० पर्यंत चालतात.

तारीख चुकीची निघाल्यास रिटर्न-कोडमध्ये १६ ठेवून प्रोग्राम थांबवावा. पुढच्या, खतावणीच्या पायरीवर कॉंड=(०,एनई) लिहावे. ही अट मात्र उलटी वाचायची : ती खरी ठरली तर पायरी वगळली जाते, आणि चुकीचे व्याज कोणाच्या खात्यावर चढत नाही.