संकटाआधीचा नकाशा

काठमांडू हे नेपाळच्या राजधानीचे शहर. चोहोबाजूंस डोंगरांची तटबंदी आणि मधोमध सुपीक खोरे, अशी तेथील भूमीची ठेवण आहे. पुरातन काळी या खोऱ्यात एक विस्तीर्ण सरोवर होते. मंजुश्री बोधिसत्त्वाने खड्गाने डोंगर चिरून पाण्यास वाट करून दिली, अशी तेथील लोककथा आहे. भूगर्भशास्त्रज्ञही खोऱ्याच्या तळाशी त्या सरोवराच्या गाळाचे जाड थर दाखवितात. भूकंपाच्या वेळी असा मऊ गाळ खडकापेक्षा अधिक हेलकावतो. १५ जानेवारी १९३४ रोजी झालेल्या भूकंपाने नेपाळ व बिहार या दोन्ही प्रदेशांत मिळून दहा हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. तसा भूकंप पुन्हा होणार, हे जाणकारांना ठाऊक होते. तो केव्हा होईल, एवढेच कोणास सांगता येत नव्हते.

भूकंप टाळणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु त्याला सामोरे जाण्याची सिद्धता करणे त्याच्या हाती आहे. या सिद्धतेचे पहिले साधन म्हणजे नकाशा. रुग्णालय कोठे आहे, कोणत्या गल्लीत रुग्णवाहिका शिरू शकेल, लोकांना आसरा घेण्याजोगे मोकळे मैदान कोठे आहे, हे ठाऊक नसेल, तर मदतीस धावणाराही वाटेतच अडखळतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१२ साली काठमांडूच्या खोऱ्यात एक उपक्रम सुरू झाला. 'ओपन स्ट्रीट मॅप' हा संगणकावरील नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये जन्मास आला होता. छापील नकाशा एकदा छापला की बदलत नाही. हा नकाशा मात्र कोणासही पाहता येतो, आणि त्यात भरही घालता येते. पाहणारा हवी ती जागा मोठी करून न्याहाळतो, रस्त्याचे वा इमारतीचे नाव वाचतो, आणि चूक आढळल्यास ती दुरुस्तही करतो.

या नकाशात आपल्या शहराची माहिती भरण्याचे काम तेथील तरुणांनी हाती घेतले. त्यांत विद्यापीठांतील विद्यार्थी पुष्कळ होते. उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी रस्ते व घरे रेखाटली. परंतु आकाशातून घराचे छप्पर दिसते. ते घर शाळा आहे की दवाखाना, विटांचे आहे की सिमेंटचे, हे तेथून कळत नाही. त्यासाठी ते पायी हिंडले. दोन हजारांहून अधिक शाळा आणि तीनशेहून अधिक आरोग्यकेंद्रे त्यांनी नकाशावर आणली. हे काम पुढे चालावे म्हणून २०१३ साली 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' ही संस्था स्थापन झाली.

२५ एप्रिल २०१५ रोजी, मध्यान्हास चार मिनिटे उणी असता, धरणी हादरली. त्या भूकंपाची तीव्रता ७.८ होती. सुमारे नऊ हजार माणसे दगावली. हजारो वर्गखोल्या कोसळल्या. तो दिवस शनिवार होता आणि शाळांना साप्ताहिक सुटी होती, म्हणून कितीतरी मुले वाचली.

आता त्या तरुणांच्या श्रमांचे चीज झाले. खोऱ्याचा नकाशा तयार होता. डोंगरांतील दूरच्या खेड्यांचा मात्र नव्हता. तेव्हा निरनिराळ्या देशांतील हजारो स्वयंसेवक आपापल्या घरी संगणकासमोर बसले आणि नव्या छायाचित्रांवरून वाड्या, पायवाटा व हेलिकॉप्टर उतरण्याजोग्या जागा रेखाटू लागले. काठमांडूतील संस्थेने आणखी एक नकाशा खुला केला. कोठे तंबू हवेत, कोठे अन्न पोहोचले नाही, हे लोक त्यावर कळवू लागले. रेडक्रॉससारख्या संस्थांनी या नकाशांचा उपयोग केला.

नकाशाने कोसळणारी भिंत सावरली नाही, हे खरे. परंतु मदतीचा हात कोठे पोहोचवावा, हे त्याने दाखविले. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. दूरदेशीचा स्वयंसेवक रेषा ओढू शकतो; त्या रेषेवरील शाळेचे नाव, गोड्या पाण्याची विहीर वा पावसाळ्यात बुडणारा पूल मात्र तेथे राहणाऱ्यासच ठाऊक असतो. ते ज्ञान शांततेच्या दिवसांत नोंदवून ठेवावे लागते. आणि वाट बदलली, नवा पूल झाला, की ती नोंदही बदलावी लागते. कारण जुना नकाशा संकटकाळी वाट चुकवितो.

स्वाध्याय

१. काठमांडूच्या खोऱ्यात भूकंपाचा धोका अधिक का आहे?
२. उपग्रहाच्या छायाचित्रावरून काय कळते व काय कळत नाही?
३. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' या म्हणीचा या पाठाशी कोणता संबंध आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. आपल्या गावाचा अथवा आळीचा नकाशा काढा. दवाखाना, शाळा, पाण्याच्या जागा व मोकळी मैदाने त्यात दाखवा. वडीलधाऱ्यांना विचारून, पुराच्या वेळी पाणी कोठवर येते, तेही नोंदवा.