गट सुटला तरी नेम सुटूं नये

ह्या पाठांत आम्हांस एका नाजूक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. दारू सोडण्यासाठीं जे बंधु व भगिनी बारा पायऱ्यांच्या गटांत जात असत, त्यांपैकीं कित्येकांचा गट पुढें सुटतो. कोणी तो विचारपूर्वक सोडतो; कोणाचा परिस्थितीमुळें सुटतो. शहरांतील व्यसनमुक्ति केंद्रांतून बरा होऊन जो आपल्या खेड्यांत परतला, त्याला तेथें गट कोठून मिळणार? तालुक्याच्या गांवीं सभा संध्याकाळीं भरते, आणि परतीची मोटार तर त्यापूर्वींच निघून जाते.

अशा मनुष्याविषयीं दोन प्रकारचें बोलणें ऐकूं येतें. एक म्हणतो, “गट सोडला ना? आतां हा पुन्हां गुत्त्यावर दिसेल.” दुसरा म्हणतो, “बरें झालें. आतां ह्याला कशाचीच गरज उरली नाहीं.” आमच्या मतें दोघेही चुकतात, आणि त्या चुकीची झळ बोलणारांस न लागतां त्या मनुष्याच्या बायकोमुलांस लागते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊं.

१. हे गट कसे निर्माण झाले?

ज्या संगतीला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे निनावी मद्यपींची संगत, असें म्हणतात, तिचा आरंभ १९३५ सालीं अमेरिकेंतील ओहायओ संस्थानांत ॲक्रन शहरीं झाला. न्यूयॉर्क येथील शेअर बाजारांत काम करणारे बिल विल्सन हे धंद्याच्या कामासाठीं त्या शहरीं गेले होते. दारू सोडून त्यांस थोडेच महिने झाले होते. काम फसलें, परक्या गांवीं एकटेपण आलें, आणि जुना मोह उसळला. तेव्हां त्यांनीं आपल्यासारख्याच दारूनें गांजलेल्या कोणाचा तरी शोध केला, व त्यांची गांठ डॉक्टर बॉब स्मिथ ह्यांच्याशीं पडली. एका मद्यपीनें दुसऱ्याशीं मोकळ्या मनानें बोललें असतां दोघांसही बळ येतें, हें त्या भेटींत दिसून आलें. १९३९ सालीं ह्या संगतीचें पुस्तक निघालें, व त्यांत बारा पायऱ्या मांडिल्या गेल्या: आपली असहायता कबूल करणें, आपल्या दोषांचा हिशेब घेणें, ज्यांचें नुकसान केलें त्यांची भरपाई करणें, प्रार्थना, आणि इतर मद्यपींस साहाय्य. सभेला फी नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट.

२. सोडणें म्हणजे पडणें नव्हे

आतां एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. विल्सन व स्मिथ हे दोघेही प्रथम ऑक्सफर्ड ग्रूप नांवाच्या ख्रिस्ती चळवळींत होते. लूथरन पाळक फ्रँक बुकमन हे तिचे पुढारी. पापांगीकार, भरपाई व दुसऱ्यांस साक्ष देणें ह्या गोष्टी पायऱ्यांत आल्या त्या मुख्यतः तेथूनच. परंतु १९३७ सालीं न्यूयॉर्कचे मद्यपी त्या चळवळींतून वेगळे झाले. १९३९ च्या मे महिन्यांत क्लीव्हलंड शहरीं निराळा गट निघाला. तेथील कित्येक सभासद रोमन कॅथोलिक असून त्यांस ऑक्सफर्ड ग्रूपच्या सभांस जाण्यास आपल्या मंडळीची अडचण होती. त्याच वर्षीं पुढें ॲक्रनचे लोकही बाहेर पडले. म्हणजे आज जी संगत सोडण्याची कित्येकांस एवढी भीति वाटते, ती संगतच दुसऱ्या संगतींतून बाहेर पडून उभी राहिली! त्यांनीं आपणांस उपयोगी तें बरोबर घेतलें आणि दारूपासून दूर राहण्याचा नेम मोडला नाहीं.

पुढेंही असेंच झालें. पेन्सिल्व्हेनियांतील समाजशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक ह्या बाईंना बारा पायऱ्यांची रीति मानवली नाहीं. ज्या स्त्रीला दारूनें व लोकांनीं आधींच धुळीस मिळविलें, तिला आणखी नम्र होण्यापेक्षां आपली किंमत ओळखणें अगत्याचें आहे, असें त्यांचें मत झालें. आणि त्यांनीं १९७५ सालीं स्त्रियांसाठीं स्वतंत्र संस्था काढिली. १९९४ सालीं स्मार्ट रिकव्हरी ही दुसरी संस्था निघाली. ती मोह ओळखण्याची व विचार सुधारण्याची तालीम देते, आणि जन्मभर सभांस आलेंच पाहिजे असें म्हणत नाहीं. १९९६ सालीं न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानें असा निकाल दिला कीं, तुरुंगांतील मनुष्यास कुटुंबाच्या भेटीची सवलत हवी असल्यास त्यानें बारा पायऱ्यांच्या धार्मिक स्वरूपाच्या कार्यक्रमास गेलेंच पाहिजे, अशी सक्ति सरकारास करितां येत नाहीं. ह्यावरून वाट एकच नाहीं, आणि जबरदस्तीनें कोणाला वाटेवर ठेवितां येत नाहीं, हें उघड होतें.

३. परंतु गटाची निंदाही करूं नये

येथें दुसऱ्या बोलणाराची चूक दाखविणें प्राप्त आहे. २०२० सालीं संशोधकांनीं २७ अभ्यासांचा व त्यांतील १०,५६५ लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. ज्यांस शिस्तशीर पद्धतीनें ह्या गटांकडे वळविलें, त्यांपैकीं वर्षानंतर शेंकडा सुमारें ४२ लोक पूर्णपणें दारूविना होते. ज्यांस इतर उपचार मिळाले, त्यांपैकीं शेंकडा सुमारें ३५. ह्या आंकड्यांचे दोन धडे आहेत. गटाचा उपयोग खरा आहे, म्हणून ज्याला तो मिळतो व मानवतो त्यानें उगाच सोडूं नये. तसेंच, दुसऱ्या वाटेनें गेलेल्यांतही पुष्कळ जण तरले, म्हणून सोडणाराला मेल्यांत जमा करूं नये.

सोडणारानें मात्र आपल्या मनाला एक प्रश्न खरेपणानें विचारावा: “मी गट सोडतों, कीं मला दारू पिण्यासाठीं मोकळीक पाहिजे?” तेथील प्रार्थना मनास पटत नाहीं, दहा वर्षें निर्व्यसनी राहूनही रोज स्वतःस मद्यपी म्हणवत नाहीं, गांव दूर आहे, तेथें सांगितलेलें बाहेर फुटलें — हीं खरीं कारणें असूं शकतील. पण “आतां एखादा पेला चालेल” हा विचार जर कोठें दडून बसला असेल, तर तें गट सोडणें नव्हे. ती पिण्याची पूर्वतयारी होय.

४. बरोबर काय न्यावें?

झाडूनलोटून रिकाम्या ठेविलेल्या घराचा दृष्टांत वाचकांस माहीत आहेच. घर रिकामें राहिलें, आणि पहिल्यापेक्षां वाईट दशा झाली. गट सुटला म्हणजे त्याची जागा रिकामी राहते. ती भरली पाहिजे. गट चार गोष्टी देत असे. त्या प्रत्येकीची सोय आधीं करावी.

पहिली, ठरलेली वेळ. सभेची संध्याकाळ मोकळी ठेवूं नये. भजन, रात्रीची शाळा, तालीम, गुरांचें काम, कांहींही असो. पण त्या घटकेला हात व मन गुंतलेले असावे.

दुसरी, खरें बोलण्यास माणूस. सगळ्या गांवाला सांगण्याची गरज नाहीं. एक विश्वासू मनुष्य पुरे. पण त्याला सर्व ठाऊक असावें.

तिसरी, मोहाच्या वेळचा बेत. लग्नाची वरात, जत्रा, बाजाराचा दिवस, मजुरी हातांत पडण्याचा दिवस, बायकोशीं झालेलें भांडण: आपला पाय कोठें घसरतो हें ज्याचें त्याला माहीत असतें. त्या दिवशीं कोणत्या वाटेनें घरीं यावयाचें, पैसे कोणाच्या हातीं द्यावयाचे, आग्रह करणारास काय म्हणावयाचें, हें आदल्या दिवशींच ठरवावें.

चौथी, दुसऱ्याची सेवा. जो दुसऱ्याला सांवरतो, त्याला स्वतःला सांवरण्याचें कारण मिळतें. हें सत्य गटाबाहेरही तितकेंच खरें आहे.

ह्याशिवाय शरीराकडेही पाहावें. दारूची ओढ कमी करणारीं नाल्ट्रेक्झोन व अॅकॅम्प्रोसेट हीं औषधें आतां उपलब्ध आहेत. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावीं. डायसल्फिराम हें औषध घेतल्यावर दारू प्यालें असतां भयंकर त्रास होतो. म्हणून तें कोणाच्या जेवणांत चोरून घालूं नये. तसें केल्यानें जीव जाण्याचें भय आहे, आणि कळल्यावर विश्वास जातो तो निराळाच.

५. पाय घसरला तर?

“गट सोडलास तर नाश ठरलेला,” असें ज्यानें वारंवार ऐकिलें, तो एक पेला पिऊन बसला म्हणजे म्हणतो, “झालें, माझें भविष्य खरें ठरलें,” आणि मग बाटली संपवितो. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट ह्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हाच धोका दाखविला. एकदां घसरणें निराळें आणि दरींत लोळत जाणें निराळें. घसरलेल्यानें त्याच दिवशीं आपल्या विश्वासू माणसास सांगावें, कारण शोधावें, बेत सुधारावा, आणि पाहिजे तर गटाच्या दाराशीं पुन्हां जावें. तें दार बंद होत नाहीं. परंतु जो अनेक दिवस सतत पीत होता, त्यानें एकाएकीं थांबण्यापूर्वीं डॉक्टरांस भेटावें. कारण अशा वेळीं फेफरें, भ्रम, व क्वचित् मृत्युही येतो. आपल्या प्रांतांत पुण्यास १९८६ सालापासून मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र आहे. इतरत्रही रुग्णालयांत मदत मिळते.

६. मंडळीनें काय करावें?

उपदेशक बंधूंनो, असा मनुष्य आपल्या मंडळींत असेल तर त्याच्यावर पाळत ठेवूं नका. त्याची सोबत करा. “अजून गटांत जातोस ना?” असें चौघांत विचारूं नका. “उद्यां बाजाराला आपण बरोबर जाऊं,” असें म्हणा. तो खेड्यांत आला तेव्हां त्याचा गट मागें राहिला. आतां त्याला जी संगत मिळेल, ती एक तर आपली, नाहीं तर गुत्त्याची. कोणती मिळावी, हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. निनावी मद्यपींची संगत कोणत्या चळवळींतून वेगळी झाली? त्यावरून आपण काय शिकतों?
२. गट सोडण्याचें खरें कारण व पिण्याची सबब ह्यांतील भेद कसा ओळखावा?
३. गट देत असलेल्या चार गोष्टी कोणत्या? आपल्या गांवांत त्यांची सोय कशी होईल?
४. ह्या आठवड्यांत आपण कोणाबरोबर बाजाराला जाणार आहों?