आधी नवख्यांचं काम गेलं

१. मजकुरातून आवाज तयार करणारं यंत्र आलं की आधी मोठ्या आवाजांच्या पोटावर पाय येईल, असं आम्हा डबिंगवाल्यांना वाटायचं. प्रत्यक्षात गेलं ते नवख्यांचं काम. जाहिरातीचा पक्का आवाज ठरेपर्यंत भरायचा स्क्रॅच, बँकेच्या फोनवरचं 'मराठीसाठी दोन दाबा', कारखान्यांतल्या सुरक्षेच्या फिल्म्स. पैसे थोडे, पण अंधेरीतल्या खोलीचं भाडं सुटायचं. 'प', 'भ' म्हणताना तोंड माइकपासून किंचित वळवलं की हवेचा फटका बसत नाही, हे याच कामांत अंगवळणी पडायचं. आता एजन्सीतच कुणीतरी मजकूर टाकतं आणि आवाज तयार होतो.

२. नुसत्या सूचनांमध्ये ऐकणाऱ्याला फरक पडत नाही, हे मान्य करायला हवं. मला ते जड गेलं.

३. भूमिकेचं मात्र तसं नाही. एका सीनला दिग्दर्शक म्हणाले, "ताई, रडू नका. रडून झालंय. आता नवऱ्याला चहा विचारताय." ते वाक्य जमलं, कारण स्टुडिओत मागच्या खुर्चीत बसून मी ज्येष्ठ बायकांना तासन्‌तास काम करताना पाहिलं होतं. स्क्रॅच भरायला आलेल्या मुलीलाच ती खुर्ची मिळायची. आज तिला बोलावतच नाहीत. दहा वर्षांनी असं वाक्य कोण म्हणणार, याची मला खरी काळजी आहे.

४. दुसरी काळजी हक्काची आहे. आवाज आपला असला, तरी ते कागदावर असावं लागतं. कॉन्ट्रॅक्टमधल्या 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' या ओळीकडे पूर्वी कुणी फारसं बघत नसे. आज तिचाच आधार घेऊन आपला आवाज यंत्राला शिकवला जाऊ शकतो. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करायला मनाई केली, तेव्हा फार बरं वाटलं. पण त्या आदेशामागे त्यांची प्रसिद्धीही होती. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्याने कुणाच्या जोरावर कोर्टात जायचं?

५. एकेकट्याने हे सुटणार नाही. हॉलिवूडचे कलाकार २०२३ मध्ये ११८ दिवस संपावर होते. डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला हे त्यांनी करारात लिहून घेतलं. त्या संपात छोट्यांसोबत बडे तारेही थांबले होते. आपल्याकडे जो तो आपापला दर ठरवून मोकळा होतो. म्हणून ज्येष्ठांना माझी विनंती आहे : पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी ती 'कायमस्वरूपी'ची ओळ खोडायला लावा. तुम्ही अडून बसलात तर निर्माता ऐकतो, नव्या मुलीचं कुणी ऐकत नाही.