न्यायालयातील संगणक-व्यवस्थापनाचे पद : अर्ज लिहिताना

गतवर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने न्यायालयातील संगणक-व्यवस्थापनाच्या पदासाठी तयार केलेला अर्ज आम्हांस वाचावयास दिला. अभियांत्रिकीची पदवी, खासगी कंपनीतील चार वर्षांचा अनुभव, प्रमाणपत्रांची लांबलचक यादी. सारे काही त्यात होते. न्यायालय मात्र कोठेच नव्हते. तोच अर्ज बँकेस पाठविला असता तरी एक शब्द बदलावा लागला नसता. दोन संध्याकाळी त्याच्यासह बसून आम्ही तो नव्याने लिहविला. त्या बैठकींत जे ध्यानी आले ते पुढील विद्यार्थ्यांसाठी येथे मांडीत आहोत.

आधी काम समजून घ्यावे. देशातील न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-न्यायालय प्रकल्प २००७ साली मंजूर झाला. आज त्याचा तिसरा टप्पा चालू असून २०२३ मध्ये त्यासाठी ७,२१० कोटी रुपयांस मान्यता मिळाली. जिल्हा व तालुका न्यायालयांत दाव्यांच्या नोंदी 'केस इन्फर्मेशन सिस्टीम' या प्रणालीत होतात. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने मुक्त स्रोत तंत्रावर घडविली आहे. म्हणून उबुंटूचा सराव असेल तर तो अर्जात ठळकपणे लिहावा. आमच्या विद्यार्थ्याने तो किरकोळ समजून गाळला होता!

प्रत्येक दाव्यास सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि वर्ष सामावलेले असते. त्या क्रमांकावरून पक्षकार आपली पुढील तारीख भ्रमणध्वनीवर पाहतो. ही तारीख चुकीची नोंदली गेली तर काय होते? पक्षकार एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.ने येऊन रिकाम्या हाताने परततो. अथवा खऱ्या तारखेस गैरहजर राहतो आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश होण्याची वेळ येते. कंपनीतील बिघाडाची तक्रार ग्राहक तरी करतो. येथे पुष्कळदा चूक कोणाची झाली हेही त्या माणसास कळत नाही.

याहून नाजूक बाब गोपनीयतेची. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार पीडित बालकाची ओळख उघड होता कामा नये. आदेशाची प्रत संकेतस्थळावर चढविताना नाव, गाव वा शाळा उघडी राहिली, तर नंतर प्रत काढून टाकली तरी ती कोणाकोणाकडे पोहोचली हे सांगता येत नाही. सार्वजनिक काय आणि राखीव काय, हा भेद ज्यास समजतो तो उमेदवार वेगळा उठून दिसतो.

म्हणून 'सर्व्हर व्यवस्थापनाचा अनुभव' हे वाक्य आम्ही त्यास खोडावयास सांगितले. त्याऐवजी त्याने लिहिले : किती संगणकांची जबाबदारी होती, राखीव प्रत किती दिवसांनी घेतली जाई, ती परत उघडून तपासली होती काय, आणि संगणकास बिचकणाऱ्या किती सहकाऱ्यांस त्याने शिकविले. हा शेवटचा मुद्दा त्यास क्षुल्लक वाटत होता. आमच्या मते तोच सर्वांत वजनदार होता, कारण न्यायालयात प्रणाली चालवितात ते लिपिक. त्यांतील अनेकांचा हात आयुष्यभर कागदी नोंदवहीवर बसलेला असतो.

जाहिरात मात्र शब्दशः वाचावी. अनुभव कोणत्या दिनांकापर्यंत मोजणार, पद नियमित की कंत्राटी, शुल्क कसे भरावयाचे, हे तेथेच असते. शाळेच्या दाखल्यावरील व पदवीपत्रावरील नावांत वेलांटीचाही फरक असेल तर तो जाहिरात येण्याआधीच दुरुस्त करून घ्यावा. आपल्या मुलांच्या कागदपत्रांत ही अडचण वारंवार येते.

मुलाखतीत त्यास पहिलाच प्रश्न आला : सकाळी बोर्ड पुकारण्याच्या वेळीच सर्व्हर बंद पडला तर काय कराल? त्याने उत्तर दिले की, बोर्डाची छापील प्रत आदल्या संध्याकाळीच शिरस्तेदारांकडे दिलेली असेल. कामकाज तिच्यावर सुरू होईल, आणि मग मी सर्व्हरकडे वळेन. निवड यादी अद्याप लागावयाची आहे.