श्रवणपाठ : पॉडकास्टचा वर्गात उपयोग



१९६३ साली सांगलीस आकाशवाणी केंद्र सुरू झाले. नभोवाणीवरील पाठात एखादे वाक्य निसटले, की ते गेलेच. आजचा पॉडकास्ट मात्र हवा तेथे थांबविता येतो व पुन्हा ऐकविता येतो.

पाटण तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत गुरुजींनी गोष्ट मध्येच थांबवून विचारले, “पुढे काय होईल?” वाचनात नेहमी मागे राहणारी मुलगी प्रथम बोलली. तिला अर्थ कळत होता. अक्षरे तेवढी अडत होती. हे गुरुजींस त्या दिवशी उमगले.

तरी पाठ आधी स्वतः ऐकावा, मोबाइलवर उतरवून घ्यावा व तीन प्रश्न काढावेत. पाच मिनिटे ऐकविणे, दहा मिनिटे बोलणे, हे प्रमाण ठेवावे. यंत्र शिक्षकाची जागा घेत नाही. मुलांचे ऐकण्यास त्यास सवड देते.