हंबकर घेण्याआधी पट्टी घ्या

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बदलायचा ठरवला की चर्चा आवाजाची होते: कुणाचा जाड, कुणाचा धारदार. खोका उघडून, वायर कापून, सोल्डर केल्यावर कळतं की पिकअपचे स्क्रू तारांखाली येतच नाहीत. मग दुकानदार माल परत घेत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी मिलिमीटर मोजा.

फरक येतो कुठून?

हंबकर, म्हणजे दोन कॉइल जोडून गुणगुण घालवणारा पिकअप, घडवला गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी. पेटंटचा अर्ज १९५५ चा. गिब्सनच्या गिटारवर पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर ब्रिजपाशी ५० मिमीच्या आसपास, म्हणून हंबकरच्या टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतरही तेवढंच ठेवलं गेलं. फेंडरच्या जुन्या पद्धतीच्या, सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोवर (दांडीने हलणाऱ्या ब्रिजवर) मात्र तारा ५६ मिमीपर्यंत पसरतात. दोन खुंटांवर तोललेल्या नव्या ट्रेमोलोवर ५२.५, फ्लॉइड रोझवर ५३ च्या आसपास. गिटारवादक एडी व्हॅन हॅलेन यांनी हाताने जुळवलेल्या गिटारमध्ये गिब्सनचा हंबकर तिरका बसवला, तो याच कारणाने. तिरका केला की एका कॉइलचं एक टोक आणि दुसऱ्या कॉइलचं विरुद्ध टोक रुंद तारांच्या जवळ सरकतं.

आज बहुतेक कंपन्या दोन मापं देतात. सेमूर डंकनचं साधं माप ४९ मिमी, रुंद ‘ट्रेमबकर’ सुमारे ५२.६. डिमार्झिओचं साधं ४८.३, ‘एफ-स्पेस्ड’ ५१. दोन्ही मापांची किंमत साधारण सारखीच असते. योग्य माप निवडायला जादा पैसे लागत नाहीत, चुकीचं निवडलं तर लागतात.

कसं मोजायचं?

स्टीलची पट्टी नको, पिकअपचं चुंबक ती ओढून घेतं. कागदाची अरुंद पट्टी तारांखाली, नेमकी पिकअपच्या जागी सरकवा. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करा आणि कागद टेबलावर ठेवून मोजा. ब्रिजपाशी एकदा, मानेपाशी एकदा. तारा नटकडे जवळ येत जातात, त्यामुळे ब्रिजच्या खोगिरांवर ५२.५ असलेलं अंतर ब्रिज पिकअपवर ५१.५ च्या आसपास आणि मानेच्या पिकअपवर ४९ च्या आत येतं.

- ५० पर्यंत: साधं माप घ्या.
- ५१ ते ५३: रुंद माप घ्या.
- ५४-५५ (जुन्या पद्धतीचा ट्रेमोलो): रुंद मापातही दोन्ही बाजूंना सुमारे एक मिमी कमी पडेल. तेवढं चालतं. साधं माप घेतलं तर दोन्ही बाजूंना जवळपास तीन मिमी जातील.
- मोजायचंच नसेल तर सलग पट्टीचा, म्हणजे रेल पिकअप घ्या. त्यात स्क्रूच नसतात.

आधी फुकटचे उपाय

गिटारमध्ये हंबकर आहेच आणि स्क्रू तारांशी जुळत नाहीत, एवढ्यावरून तो बदलू नका. चुंबकाचं क्षेत्र स्क्रूच्या डोक्यापेक्षा रुंद असतं, दीड मिमीची चूक कानाला क्वचितच कळते. डोळे मिटून सहाही तारा सारख्या जोराने छेडा. टोकाची तार खरोखर दबत असेल तर पिकअपची उंची जुळवा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पातळ तारेखाली सुमारे दीड, जाड तारेखाली दोन मिमी ठेवा. मग त्या तारेखालचा स्क्रू थोडा वर घ्या. सगळ्या तारा एकाच बाजूला सरकलेल्या असतील तर दोष मापाचा नसून बहुधा मानेचा आहे. बोल्टने जोडलेली मान असेल तर तारा सैल करून, बोल्ट किंचित ढिले करून ती सरळ करता येते.

खर्च किती?

हे ढोबळ अंदाज आहेत, शहर आणि दुकानानुसार बदलतील.

- बिनब्रँड हंबकर: १,००० ते २,००० रुपये. माप खोक्यावर नसतं, विचारून घ्या.
- मध्यम दर्जाचा: ३,००० ते ५,०००.
- अमेरिकी ब्रँडचा: ९,००० ते १४,०००. तिकडे १०० डॉलरच्या आसपास मिळतो, वरचा भार आयात शुल्क, कर आणि वाहतुकीचा.
- बसवण्याची मजुरी: ८०० ते २,०००.
- नव्या तारांचा संच: ५०० ते ९००.
- फेंडरच्या स्ट्रॅटमध्ये सिंगल कॉइल (एका कॉइलचा पिकअप) काढून हंबकर बसवायचा तर नवा पिकगार्ड वेगळा. लाकडात जागा नसेल तर कोरण्याची मजुरी वेगळी.

झाकणाच्या हंबकरचं झाकण बदलायचं असेल तर त्याच्या छिद्रांचं अंतरही विचारा. ५० च्या झाकणात ५२ चे स्क्रू बसत नाहीत.

बिल घेताना

दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र लावणार असाल तर वायरिंगचा नकाशा मागा. सेमूर डंकनमध्ये सिग्नलची वायर काळी, डिमार्झिओमध्ये लाल. गल्लत झाली की दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ येतो. बिलावर मॉडेलच्या नावापुढे मापही लिहून घ्या, आणि वायर कापण्याआधी पिकअप तारांखाली नुसता धरून पाहा. तोवर तो बदलून मिळण्याची आशा असते.