ताप उतरला, पण तोल?

खो-खोत खांबाजवळचं वळण सगळ्यांत अवघड. पाठलाग करणारी पूर्ण वेगात येते, एका हाताने खांब धरते आणि त्याच दमात उलट दिशेला फिरते. पाय अजून पुढे निघालेले, धड अर्धवट वळलेलं, पण नजर निसटणाऱ्या मुलीवर आधीच रोखलेली. डोकं इतक्या झटक्यात फिरत असताना समोरचं चित्र हलत नाही ते आतल्या कानामुळे. कान धड असेपर्यंत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मी स्वतः खेळत होते तोवर माझ्याही आलं नव्हतं.

रत्नागिरीत पावसाळा लागला की घरोघरी सर्दी-ताप असतोच. मला आला तोही तसलाच, घसा धरणारा. तो उतरला, मी सरावाला जाऊ लागले, आणि त्यानंतर एका पहाटे कूस बदलली तर छप्पर गरगर फिरायला लागलं. डोळे मिटले तरी थांबेना. उलट्या सुरू झाल्या. उठून भिंत धरली तर अंग सारखं डावीकडे ओढलं जात होतं. आई म्हणाली, "पित्त खवळलंय. उपाशीपोटी मैदानावर जातेस ना!" मग आमसुलाचं पाणी झालं, मोरावळा झाला. आमच्याकडे चक्कर आली की पहिला संशय पित्तावर, मग अशक्तपणावर, नाहीतर मानेच्या मणक्यावर. कानाची पाळी शेवटी येते.

कानाच्या डॉक्टरांनी आधी डोळे पाहिले. बुबुळं एका बाजूला हळूच सरकत होती आणि झटक्याने परत येत होती. मग त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, स्वतःच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि डोकं एकदम वळवलं. उजवीकडे वळवलं तेव्हा नजर नाकावर टिकली. डावीकडे वळवलं तेव्हा ती घसरली आणि धडपडत परत आली.

डाव्या कानाकडून मेंदूला तोलाची खबर देणारी नस सुजली होती. डॉक्टरी नाव व्हेस्टिब्युलर न्युरायटिस. सर्दी-तापाच्या विषाणूपाठोपाठ, कधी ताप उतरून आठवडा-दोन आठवडे झाल्यावरही, हे दुखणं उपटतं. शरीरात दबा धरून बसलेला हर्पीसचा विषाणू त्या नसेत पुन्हा जागा होतो, असाही दाट संशय आहे. एरवी दोन्ही कान मेंदूला सारखी खबर देत असतात. एक गप्प झाला की होडीचं एक वल्हं थांबावं तसं होतं, होडी जागच्या जागी फिरू लागते. यात ऐकू मात्र नीट येतं. ऐकूही कमी येऊ लागलं तर सूज आतल्या कानात पोचलेली असू शकते. अचानक गेलेल्या ऐकण्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच लागू पडण्याची आशा असते, तेव्हा उद्यावर ढकलू नका.

त्याहून मोठा धोका वेगळाच. गरगरण्याबरोबर दोन-दोन दिसणं, बोलणं जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, गिळताना अडकणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, आधार देऊनही उभं राहता न येणं, यांतलं एकही दिसलं तर कानाचा विचार सोडा. लहान मेंदूचा रक्तपुरवठा अडलेला असू शकतो. गाडी काढा आणि मोठं रुग्णालय गाठा. आडगावातून रत्नागिरीला पोचण्यातच बराच वेळ जातो, त्यात आणखी वेळ लिंबूसरबतात घालवू नका.

माझं तसं नव्हतं. उलट्या थांबल्या, घर फिरायचं थांबलं, आणि खरी फसगत तिथून पुढे सुरू झाली. मारुती मंदिराजवळच्या शिवाजी स्टेडियमवर दिवसाउजेडी मी सरळ धावत होते. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी ठणठणीत आहे. तोल सांभाळायला शरीराकडे तीन साधनं असतात: कान, डोळे, आणि पायांच्या स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव. कान लंगडा झाला की उरलेली दोन त्याचं काम अंगावर घेतात. उजेड आहे, जमीन टणक आहे, मान स्थिर आहे, तोवर काहीच कळत नाही. मला कळलं ते भाट्याच्या किनाऱ्यावर, दिवेलागणीला. अंधारून आलेलं, पायांखाली भुसभुशीत वाळू. बहिणीने मागून हाक मारली म्हणून वळून पाहिलं आणि दारू प्यायल्यासारखी झोकांडी गेली. म्हणून तापातून उठलेल्या खेळाडूची परीक्षा भर दुपारी सरळ रेषेत पळवून घेऊ नये. उजेड कमी, जमीन मऊ, मान हलती, अशी घ्यावी. शेजारी धरायला माणूस हवाच.

आता गोळ्यांबद्दल. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस देवासारख्या वाटतात, आणि तेवढ्याच दिवसांसाठी त्या असतात. ओळखीतल्या एक काकू त्या महिनोन् महिने घेत होत्या, मलाही म्हणाल्या, "चालू ठेव गं, काही होत नाही." होतं ते असं: एका कानाची खबर कमी झाली आहे हे मेंदूला शिकून घ्यायचं असतं, आणि गोळी त्याला गुंगीत ठेवते. नुसतं पडून राहिल्यानेही ते शिकणं लांबतं. डोकं हललं की गरगरतं म्हणून माणूस मान अवघडून वावरतो, आणि मेंदूला सरावाला काही मिळतच नाही.

व्यायाम अगदी साधा आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर नखावर खिळवायची आणि मान डावी-उजवी हलवायची, नख स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने. एका वेळी मिनिटभर, दिवसातून चार-पाचदा. आधी बसून, मग उभं राहून, मग पाय जुळवून, मग उशीवर उभं राहून, शेवटी चालताना. थोडं गरगरायला हवं, आणि ते लगेच निवायला हवं. काहीच वाटत नसेल तर पुढची पायरी घ्या, मळमळ टिकून राहिली तर मागची. पहिल्यांदा मात्र फिजिओथेरपिस्टच्या समोर करा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी असेच व्यायाम बसवले: चेंडू या हातातून त्या हातात टाकणं, खुर्चीतून उठ-बस, मधल्या माणसाभोवती फिरत चेंडू झेलणं. वाचून मला हसूच आलं. हा तर आमचा वॉर्म-अप.

मैदानावरही क्रम पाळला. आधी सरळ धाव, मग बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी, मग खांबाला चालत वळसा, मग धावत. सूर मारणं सगळ्यांत शेवटी. डावीकडचं वळण उजवीच्या मानाने फार उशिरा जमलं.

यातून उठलेल्या काहींना पुढे वेगळीच भोवळ येते: कूस बदलली किंवा वर पाहिलं की मिनिटभराच्या आत थांबणारी. आतल्या कानातले बारीक कण जागचे हलल्याने ती येते. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागी नेतात. गोळ्यांनी कण हलत नाहीत. 2015च्या यूएस ओपन गोल्फमध्ये जेसन डे मैदानातच कोसळला, तो अशाच स्थितीबदलाच्या भोवळीने. त्याच ऑगस्टमध्ये त्याने पीजीए अजिंक्यपद जिंकलं.

सगळ्याच तापांत कान दुखावतो असं नाही. डेंग्यूनंतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती बहुतेक रक्तदाबाची, आणि प्लेटलेट सावरेपर्यंत धडक-पडीचा खेळ बंदच. चिकुनगुन्यात घोटे-गुडघे आखडतात, मग एका पायावरचा तोल जातो. आणि कुठल्याही तापानंतर छातीत दुखलं, धडधडलं, थोड्या धावेत दम लागला, तर तोलाच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी ईसीजी. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली निघाली तर तीन ते सहा महिने खेळ नाही.

तोल पुरता परतेपर्यंत समुद्रात उतरू नका. गढूळ पाण्याखाली डोळ्यांना दिसत नाही, पाय टेकत नाहीत, आणि कानही फितूर असेल तर वर कुठे नि खाली कुठे हेच कळत नाही. दुचाकी नको, मल्लखांब नको, झेला घेऊन आंब्यावर चढणं तर नकोच.

आता मी मुलींना शिकवते. कुणी तापातून उठून आली की आधी छातीचं विचारते. मग घडी घातलेल्या सतरंजीवर पाय जुळवून, डोळे मिटून उभं करते. मागे मोठ्या मुलींपैकी एक हात पसरून उभी असते. दर वेळी एकाच बाजूला कलली तर घरी फोन जातो आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ती गुणपत्रक लिहायला बसते. निवड चाचणी तोंडावर असली की पालक माझ्यावर रागावतात. रागावू देत.